भाषा मधल्या स्पीकरमध्ये राहते

होम थिएटर घ्यायला दुकानात गेलेला माणूस साधारण तीन गोष्टी विचारतो. वॅट किती, बेस कसा आहे, आणि मागचे स्पीकर बिनवायरचे मिळतील का. दुकानदारही त्याला साजेसं प्रात्यक्षिक दाखवतो. डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं, काच फुटते, सबवूफरनं सोफा हादरतो. या सगळ्यात पडद्यावर कोणी दोन वाक्यं धड बोलत नाही. मग संच घरी येतो, पहिला मराठी सिनेमा लागतो आणि दहाव्या मिनिटाला कोणीतरी विचारतं, ‘काय म्हणाला रे तो?’

संवाद ज्या पेटीतून येतात तिच्याकडे खरेदीच्या वेळी कोणाचंच लक्ष नसतं, याला मी या छंदातला सर्वांत मोठा दोष समजतो. पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा नेहमीच्या मांडणीत बहुतेक सगळे संवाद मधल्या स्पीकरकडे, म्हणजे सेंटर चॅनलकडे असतात. डावा-उजवा संगीत आणि पसारा सांभाळतात, मागचे दोन वातावरण उभं करतात, सबवूफर धक्के देतो. पण पैसे वाचवायची वेळ आली की पहिली कात्री मधल्याला लागते. ‘तो नसला तरी चालतं, डावा-उजवा मिळून मध्यभागी आवाजाचा भास तयार करतात,’ असा सल्ला जाणकारही देतात. हा सल्ला काही घरांसाठी खरा आहे. महाड-पोलादपूर भागात मी जी घरं पाहिली, ज्यांतल्या काहींमध्ये संच लावायला मदतही केली, त्यांच्यासाठी तो खरा नाही. का नाही, ते नीट मांडायला हवं, कारण प्रश्न हौसेचा असला तरी त्यात घरातल्या काही माणसांचं सिनेमातून गळून जाणं अडकलेलं आहे.

एका कर्ण्याचा वारसा

मधला स्पीकर म्हणजे नंतर जोडलेली चैन, असा एक समज आहे. इतिहास उलट सांगतो. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, तेव्हा आवाजाची वाट एकच होती आणि ती पडद्यामागून येत होती. पडद्याला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे मागे ठेवलेल्या कर्ण्याचा आवाज नटाच्या तोंडातूनच आल्यासारखा वाटतो. जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघितलेल्या पिढीनंही हाच एकल आवाज ऐकला. म्हणजे आजचा सेंटर हा बोलपटाचा मूळ स्पीकर आहे. डावे, उजवे, मागचे हे सगळे त्याच्या भोवती नंतर येऊन बसले.

तीन स्पीकरांची कल्पनाही जुनी. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल लॅबोरेटरीजच्या लोकांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोचवला. मंचावर माणसं नव्हती, फक्त स्पीकर होते, आणि ते दोन नव्हते, तीन होते. समोर मोठा श्रोतृवर्ग पसरून बसलेला असेल तर दोन स्पीकरांवर भागत नाही, मध्यभाग पोकळ पडतो किंवा मागे सरकतो, हे या मंडळींना कळलेलं होतं. १९४० च्या ‘फँटेजिया’साठी डिस्नेनंही पडद्यामागे तीन वाटा वापरल्या. १९५३ साली ‘द रोब’बरोबर सिनेमास्कोप आला, त्यात पडद्यामागे तीन आणि प्रेक्षागृहात एक अशा चार चुंबकीय पट्ट्या होत्या. सुरुवातीच्या सिनेमास्कोप चित्रपटांत संवादही नटाबरोबर डावीकडून उजवीकडे सरकवत. हळूहळू तो सोस ओसरला. कॅमेऱ्याचा कोन बदलला की आवाज उडी मारायचा आणि प्रेक्षकाचं लक्ष गोष्टीवरून उडायचं. संवाद मध्येच ठेवायचे आणि दिशेचं काम डोळ्यावर सोपवायचं, हा रिवाज त्यातून रुळला. डोळ्याला ओठ हललेले दिसले की कान आवाज तिथेच नेऊन बसवतो. बोलक्या बाहुल्यांचा खेळ याच सवयीवर चालतो.

मग घरात दोनच स्पीकर का आले? त्याला तबकडी कारणीभूत आहे. १९५७-५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. तबकडीच्या खाचेला दोनच भिंती असतात, प्रत्येक भिंतीवर एक याप्रमाणे दोनच वाटा कोरता येतात. म्हणजे घरातला ‘स्टिरिओ’ दोन स्पीकरांचा झाला तो कानाच्या सोयीनं झाला नाही, तबकडीच्या खाचेच्या मर्यादेनं झाला. तोवर तीन वाटांची सवय झालेला सिनेमा तिथेच राहिला. सत्तरच्या दशकात डॉल्बी स्टिरिओनं दोन पट्ट्यांमध्ये चार वाटा गुंफल्या, त्यात मधली होतीच. १९८२ साली घरासाठी आलेल्या डॉल्बी सराउंडमध्ये मात्र मधली वाट सोडवून घ्यायची सोय नव्हती. ती १९८७ च्या प्रो लॉजिकबरोबर आली. सिनेमागृहात पहिल्यापासून असलेली गोष्ट दिवाणखान्यात यायला इतकी वर्षं लागली, आणि म्हणूनच ती तिथे अजूनही पाहुण्यासारखी वाटते.

भास कोणासाठी?

आता त्या ‘भासा’कडे वळू. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून एकच आवाज सारख्या पातळीवर सोडला, आणि ऐकणारा बरोबर मध्यरेषेवर बसला, तर आवाज मधून आल्यासारखा वाटतो. याला फँटम सेंटर म्हणतात. तो खोटा नाही, चांगल्या जोडीवर तो थक्क करणारा असतो. पण त्याला दोन अटी आहेत.

पहिली अट बसण्याच्या जागेची. आवाज एक फूट अंतर कापायला साधारण एक मिलिसेकंद घेतो. तुम्ही मध्यरेषेपासून एवढे बाजूला सरकलात की डावा स्पीकर उजव्यापेक्षा फूटभर जवळ आला, की त्याचा आवाज मिलिसेकंदभर आधी पोचतो. कानाचा नियम असा की जो आधी पोचला त्याच्याकडून आवाज आला असं तो मानतो. मधला भास कोसळतो आणि सगळे संवाद डाव्या पेटीत जाऊन बसतात. नट पडद्याच्या मध्यावर, त्याचा आवाज कपाटाजवळ.

दुसरी अट कमी बोलली जाते. खरा स्पीकर मध्यभागी असेल तर त्याचा आवाज दोन्ही कानांवर एकदाच पोचतो. भासातल्या मधल्या आवाजात प्रत्येक कानावर दोन आवाज पोचतात, एक जवळच्या पेटीतून आणि दुसरा, डोकं ओलांडून, सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागाइतका उशिरा, लांबच्या पेटीतून. या दोन्हींची गाठ पडली की दोन किलोहर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खोडतात. खोलीतल्या भिंतींवरून परतणारा आवाज हा खड्डा थोडाफार भरून काढतो, पण पूर्ण नाही. आणि दोन किलोहर्ट्झ हा काही कुठलाही प्रदेश नाही. व्यंजनं कळण्याचं बरंचसं काम तिथून वरच सुरू होतं.

एकट्यानं, खुर्ची मोजून ठेवून ऐकणाऱ्याला या दोन्ही अटी पाळता येतात. हाय-फायचा सगळा उपदेश याच एकट्या श्रोत्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला असतो. महाडच्या किंवा पोलादपूरच्या घरात रविवारी दुपारी सिनेमा लागतो तेव्हा असा श्रोता कुठे असतो? सोफ्यावर तिघं, पलंगावर आजोबा आडवे, खाली सतरंजीवर मुलं, दाराच्या चौकटीला टेकून कोणी उभं, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून भाजी निवडणारी काकू. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की ही संख्या दुप्पट होते. मध्यरेषेवर या सगळ्यांतून एखादाच असतो, आणि बहुधा तो रिमोट हातात असलेला माणूस असतो. त्याला सगळं छान ऐकू येतं. म्हणून त्याला वाटतं संच उत्तम आहे.

कोकणातल्या जाखडीची मांडणी मला इथे फार शहाणपणाची वाटते. ढोलकी आणि गाणारे मध्यभागी बसतात, नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरून फिरतात, आणि बघणारे चारही बाजूंनी. हालचाल सगळी कडेला, शब्द मध्यावर आणि एका जागी. शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबात शब्दच कळला नाही तर सामना कसला? म्हणून आवाजाचा स्रोत फिरत नाही. सिनेमानं पन्नासच्या दशकात प्रयोग करून जे ठरवलं, त्याच निष्कर्षाला आपली मंडळी दुसऱ्या वाटेनं आलेली होती.

पत्र्यावरचा पाऊस

या भागात ऐकण्याची आणखी एक अडचण आहे, जिचा उल्लेख स्पीकरांच्या परीक्षणांत मी कधी वाचला नाही. ती म्हणजे पाऊस. सह्याद्रीच्या पायथ्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरकडे चढू लागलं की तो आणखी वाढतो. कौलं काढून पत्रे घातलेली घरं बरीच आहेत. स्लॅबच्या घरांवरही गळती थांबवायला वर पत्र्याची शेड चढवलेली असते. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज हा नीच सुरापासून उंच सुरापर्यंत सर्वत्र सारखा पसरलेला गोंगाट असतो. तो स्वर झाकत नाही, कारण स्वरांमध्ये जोर असतो. तो व्यंजनं झाकतो.

मराठीत हे महागात पडतं. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च लिहायला एक, बोलायला वेगळे, आणि त्यांतला फरक असतो तो वरच्या पट्टीतल्या एका बारीक घर्षणाचा. स आणि श यांच्यातला, त आणि थ यांच्यातला फरकही अशाच नाजूक फुंकरीवर उभा. स्वर तेवढे पोचले आणि ही घर्षणं गळली, तर कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. ‘आवाज येतो पण शब्द लागत नाहीत,’ ही तक्रार साठी ओलांडलेल्या माणसांकडून मी जवळपास याच शब्दांत अनेकदा ऐकली आहे. वयानुसार आधी वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होतं. म्हणजे वय, पाऊस आणि भासातल्या आवाजाचा खड्डा असे तिघं मिळून व्यंजनांवरच हल्ला करतात.

आवाज मोठा करणं हा यावरचा उपाय नाही. मोठ्या आवाजात संगीत आणि मारामारीही मोठी होते, कोणीतरी ओरडतं, आणि आवाज पुन्हा कमी केला जातो. मधला स्पीकर वेगळा असण्याचा खरा फायदा इथे आहे. रिसीव्हरमध्ये त्याची पातळी दोन-तीन डेसिबलनं एकट्याचीच वाढवता येते. बाकी सगळं जागच्या जागी राहतं.

दुसरा फायदा दिशेचा. गोंगाट एका बाजूनं आणि बोलणं दुसऱ्या बाजूनं येत असेल तर कान दोन्ही वेगळे काढू शकतो. लग्नाच्या पंगतीत समोरच्याचं बोलणं आपण याच ताकदीवर ऐकतो. मिश्रण करणारा ध्वनितंत्रज्ञ पडद्यावरचा पाऊस डाव्या-उजव्याला आणि मागच्यांना वाटतो, बोलणं मध्ये ठेवतो, तेव्हा तो याच ताकदीवर विसंबलेला असतो. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर किंवा नुसती स्टिरिओ जोडी असेल तर या पाचही वाटा दोनांत कोंबल्या जातात. मधल्याचे संवाद तीन डेसिबल कमी करून दोन्हीकडे घातले जातात, आणि त्याच दोन पेट्यांतून पाऊसही येतो. वेगळं काढायला कानाजवळ काही उरत नाही.

सबटायटल लावा, असं तरुण मंडळी सांगतात. ती स्वतः मराठी सिनेमाही सबटायटल लावून बघतात. पण ओटीटीवरच्या मराठी सिनेमांना बहुतेकदा सबटायटल असतात ती इंग्रजीत. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या आजीला तिच्याच भाषेतल्या सिनेमाचा आधार तिला न येणाऱ्या भाषेत दिला जातो. ती एकदा विचारते, दुसऱ्यांदा विचारते, मग विचारायचं सोडते. त्यानंतर ती खोलीत असते, पण सिनेमात नसते. घरातले म्हणतात, ‘तिला आता रस राहिला नाही.’

पुरानंतर टीव्ही वर गेला

महाडच्या सखल भागात स्पीकर कुठे ठेवायचा हा प्रश्न पुराशी जोडलेला आहे. २००५ च्या जुलैत पाणी आलं, २०२१ च्या २२ जुलैला सावित्रीचं पाणी पुन्हा शहरभर शिरलं. त्याच दिवशी तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. तिच्यापुढे टीव्ही-फ्रिजचं नुकसान बोलायचं नसतंच. पण तळमजल्यांवरचं सामान गेलं हेही खरं, आणि पुन्हा घर मांडताना माणसांनी जे जमेल ते वर टांगलं. मी पाहिलेल्या काही घरांत टीव्ही आता उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आहे.

मधला स्पीकर टीव्हीखाली कपाटावर ठेवा, हा छापील सल्ला अशा घरात कामाचा नाही. तो टीव्हीबरोबर वरच हवा, टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटून किंवा थेट वर, आणि पुढून बसणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे झुकलेला. मागे लाकडाची एक पाचर पुरते. शोकेसच्या खणात, काचेच्या बाहुल्यांच्या मागे ढकललेला स्पीकर मी सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे. खणाच्या भिंती आवाजाला घागरीत बोलल्यासारखा घुमार देतात. त्याला खणाच्या काठापर्यंत पुढे ओढणं हे फुकट आहे आणि त्यानं पडणारा फरक नव्या रिसीव्हरपेक्षा जास्त असू शकतो.

मधला स्पीकर म्हणून जे विकलं जातं ते सगळं चांगलं नसतं, हेही सांगायला हवं. आडव्या पेटीत दोन बाजूंना दोन मध्यम ड्रायव्हर आणि मध्ये ट्वीटर, ही लोकप्रिय रचना टीव्हीखाली मावावी म्हणून जन्माला आली. समोर बसलात तर ठीक. बाजूला बसलात की दोन ड्रायव्हरांचं अंतर वेगवेगळं होतं, काही पट्ट्या एकमेकांना खोडतात, आणि तेही नेमक्या बोलण्याच्या भागात. म्हणजे बाजूच्यांसाठी आणलेला स्पीकर बाजूच्यांनाच फसवतो. डाव्या-उजव्यासारखाच तिसरा स्पीकर उभा ठेवणं उत्तम, पण मध्ये टीव्ही येतो. सिनेमागृहासारखा छिद्रांचा पडदा घरी नसतो. मग ज्यात ट्वीटरच्या वर-खाली मध्यम ड्रायव्हर आहे अशी पेटी, किंवा एकच बऱ्यापैकी मोठा ड्रायव्हर असलेली साधी पेटी बरी. संचात फुकट मिळालेला मुठीएवढा सेंटर असेल, बघणारे दोघंच असतील आणि डावा-उजवा उत्तम असेल, तर मी स्वतः तो काढून ठेवायला सांगेन. माझा आग्रह पेटीसाठी नाही, बोलणं सर्वांना एका जागेवरून कळावं यासाठी आहे.

सिनेमे मधल्या वाटेचं काय करतात

ऐकण्याच्या या जागेवरून सिनेमांकडे पाहिलं तर काही गोष्टी वेगळ्या दिसतात.

‘तान्हाजी’ (२०२०) घ्या. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यातलं. त्यांच्यावरचा हा खर्चिक सिनेमा हिंदीत घडला आणि मराठीत डब झाला. डबिंगमध्ये नेमकं काय बदलतं? संगीत, तलवारी, घोडे, वारा यांचा पट्टा तसाच राहतो. बदलतात ते संवाद, म्हणजे मुख्यतः मधली वाट. पाच स्पीकरांपैकी चारांना सिनेमा कुठल्या भाषेत आहे याचा पत्ता नसतो. भाषा मधल्या स्पीकरमध्ये राहते, हे मी शब्दशः म्हणतो आहे. मराठी आवृत्ती ऐकताना फक्त मधल्याकडे कान द्यावा: स्टुडिओत तोंडाजवळ माइक धरून घेतलेले स्वच्छ, कोरडे आवाज, ज्यांना ना दरीची हवा ना वाड्याचा घुमार, आणि भोवती चार बाजूंनी उसळणारी लढाई. पडद्यावरची माणसं त्या डोंगरात आहेत, भाषा मात्र बंद खोलीत. कोंढाण्याच्या कड्यावर चढणाऱ्या मावळ्याची मराठी त्याच्या मागून चिकटवलेली वाटते. उमरठच्या माणसाची गोष्ट उमरठच्या शेजारी बसून ऐकताना हे जास्त खुपतं.

आपल्याकडे ही कोरडी मधली वाट नवी नाही. अनेक दशकं भारतीय सिनेमांचे संवाद मागाहून डब होत असत, आणि त्यामुळे ते स्वच्छ ऐकू यायचे हे मान्य करायला हवं. ‘लगान’नंतर (२००१) चित्रीकरणाच्या जागीच संवाद नोंदवण्याची पद्धत मुख्य प्रवाहात वाढली. तेव्हापासून मधल्या वाटेत माणसाबरोबर त्याची जागाही येऊ लागली.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हे याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं मराठी उदाहरण. कॅमेरा लांब आणि स्थिर, माणसं खोलीभर विखुरलेली, आणि कोण बोलतंय हे कधी कधी शोधावं लागतं. साक्षीदार बोलतो, आणि न्यायाधीश ते आपल्या इंग्रजीत लेखनिकाला सांगतात. नोंदीत जातं ते सांगितलेलं, बोललेलं नव्हे. खोलीत कोणाचा आवाज कुठे पोचतो हाच या सिनेमाचा विषय आहे, आणि त्याचं मिश्रण तो विषय जपतं. टीव्हीच्या खाली तोंड केलेल्या स्पीकरांवर बघणाऱ्याला यातलं निम्मं निसटतं. त्याला सिनेमा ‘संथ’ वाटतो. याउलट शाहीर नारायण कांबळे गातात ते प्रसंग कुठल्याही संचावर पोचतात. २० मार्चला चवदार तळ्यावर जमणाऱ्या गर्दीत गायलेली गाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना तो कर्ण्यातून फुटणारा आवाज ओळखीचा आहे. एकल, ठाम, सर्वांना सारखा. या सिनेमात कर्ण्याचा आवाज शाहिराचा आहे आणि कुजबुज न्यायालयाची. ही उलटापालट कळायला दोन्ही ऐकू आलं पाहिजे.

‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत, पण त्याचं नाव ज्या गावाचं ते कशेडी घाट उतरून पलीकडे, खेड तालुक्यात. मराठी वाचकांना श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे चांगलं माहीत. राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमात पाऊस थांबतच नाही. पावसाळ्यात, पत्र्याखाली, नुसत्या टीव्हीवर हा सिनेमा लावला तर घरातला आणि पडद्यावरचा पाऊस मिळून संवाद गिळून टाकतात. मधला स्पीकर नीट लावलेला असेल तर तोच अनुभव विलक्षण होतो. बाहेरचा पाऊस सिनेमात मिसळतो, भिंती विरघळतात, आणि समोर एका पक्क्या जागेवरून म्हातारीचा घोगरा आवाज येतो. आमच्या भागाला या सिनेमाचा फायदा घेण्याची जी नैसर्गिक सोय आहे ती मुंबईच्या मल्टिप्लेक्सला नाही.

आणि ‘सैराट’ (२०१६). गाण्यांच्या वाद्यवृंदासाठी त्याची चर्चा झाली, हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रण झालं म्हणून. दुकानांतही त्याची गाणीच वाजली. पण नागराज मंजुळे यांनी केलेलं सर्वांत मोठं ध्वनिकाम शेवटी आहे. सगळ्या वाटा बंद होतात. मूल रडतं आणि ऐकू येत नाही. ही शांतता भिडते, कारण त्याआधी अडीच-पावणेतीन तास करमाळ्याकडची बोली आपल्याशी समोरून, एका जागेवरून बोलत आलेली असते. जिथून ती येत होती ती जागा रिकामी होते. जो प्रेक्षक मुळातच अर्धं ऐकत होता, त्याला ही शांतता संच बंद पडल्यासारखी वाटू शकते.

दोष फक्त घराचा नाही

सगळं ओझं घेणाऱ्यावर टाकणं अन्यायाचं होईल. सिनेमा मिसळला जातो मोठ्या, शांत, मऊ भिंतींच्या खोलीत, ठरावीक मोठ्या पातळीवर. घरी तो निम्म्याहून हळू ऐकला जातो, तेव्हा कुजबूज आधी नाहीशी होते. क्रिस्तोफर नोलनच्या ‘टेनेट’वर (२०२०) जगभर संवाद ऐकू येत नसल्याची टीका झाली, तिथे तर सिनेमागृहांतही अडचण होती. आपल्या निर्मात्यांनी ओटीटीसाठी घरगुती मिश्रण वेगळं करून घ्यावं, आणि मराठी सिनेमाला मराठी सबटायटल द्यावीत, या दोन मागण्या अवाजवी नाहीत. दुसरी तर लेखकाची संहिता हाताशी असताना जवळपास फुकटात होण्यासारखी आहे.

साउंडबार हा बहुतेकांचा पुढचा पर्याय असणार. तो घेताना एकच प्रश्न विचारावा: यात मधल्या वाटेसाठी स्वतंत्र ड्रायव्हर आहे का, आणि त्याची पातळी वेगळी वाढवता येते का? ‘हो’ असेल तर आकारानं लहान असूनही तो मोठ्या स्टिरिओ जोडीपेक्षा आपल्या भरलेल्या खोलीत जास्त उपयोगी पडेल. डिशवर येणाऱ्या वाहिन्या बऱ्याचदा दोनच वाटांच्या असतात. रिसीव्हरमधली सराउंड पद्धत चालू केली की दोन्हीकडे सारखं असलेलं बोलणं ती मध्ये आणून ठेवते. अनेक घरांत स्पीकर असून ही कळ बंदच असते आणि मधली पेटी वर्षानुवर्षं मुकी बसलेली असते.

दुकानात जाताना मी आता एक सुचवतो. हेलिकॉप्टर आणि काचा बघून झाल्या की दोन माणसं हळू आवाजात बोलत असतील असा मराठी सिनेमातला प्रसंग लावायला सांगा. पंखा पूर्ण वेगात ठेवा. समोरच्या खुर्चीवर बसू नका, दाराशी जाऊन उभे राहा, जिथे तुमच्या घरात काकू बसते. तिथून शब्द लागले तर संच घ्या. आणि शक्य असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या. वॅट त्यांना कळणार नाहीत, पण तो काय म्हणाला हे त्यांना कळलं की नाही, ते त्या लगेच सांगतील.